फुगा बसायच्या आत

हातात फुगे घेऊन हे दारात उभे राहिले, तेव्हा मी तात्यांच्या चादरीवरचे भाताचे कण झटकत होते.

पाच गॅसचे फुगे. दोन लाल, दोन पिवळे आणि एक सशाच्या तोंडाचा, लांब कानांचा. आमचे हे, म्हणजे दिगंबर, तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. अंगात वर्कशॉपचे कपडे, मनगटापर्यंत ग्रीस, आणि रंकाळ्यापासून उद्यमनगरपर्यंत स्कूटरच्या हँडलला फुगे बांधून आलेले. वाटेत किती जण हसले असतील ते देवाला माहीत.

“हे काय?” मी विचारलं.

“सारखं फुगा फुगा म्हणतात न्हवं? आणला. एकदा हातात देऊन बघू.”

“अहो, तात्या काय तीन वर्षांचं पोर आहेत?”

“मग तू सांग काय करू! चार दिवस झाले, पोटात धड चार चमचे गेले न्हाईत.”

मी जात्याच फटकळ. कुणी एक बोललं की माझी दोन तयार असतात. पण त्या दिवशी फुगा आणून बघण्यापलीकडे मलाही काही दिसत नव्हतं.

तात्या माझे सासरे. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत त्यांनी पस्तीस वर्षं लोखंड ओतलं. भट्टीसमोर उभे राहून हाक मारली की रस्त्यावरची सायकल थांबायची, असा आवाज. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे उठताना ते खाटेवरून कलंडले आणि उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं. शब्द तर सगळेच गेले, फक्त दोन उरले. एक ‘फुगा’. दुसरा ‘बास’.

फुगा कधीही म्हणायचे. सकाळी म्हणायचे, दुपारी म्हणायचे, माझ्याकडे बघून म्हणायचे. बास मात्र जेवताना. दोन चमचे मऊ भात गेला की डोळे माझ्यावर रोखून, जीभ जड करत, “बास.” आणि डाव्या हातानं चादर थोपटायचे. मी म्हणायची, तात्या, अजून एक, माझ्यासाठी. तर तोंड घट्ट मिटलेलं. पुन्हा बास, पुन्हा चादरीवर हात. मग मी कण झटकून टाकायची आणि ताट उचलायची.

दिगंबरांनी सशाच्या फुग्याची दोरी त्यांच्या डाव्या हातात दिली. “तात्या, ह्यो बघा. फुगा.”

तात्यांनी वर सशाकडे पाहिलं. मग मुलाकडे, मग माझ्याकडे. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या तेव्हाही हा माणूस चारचौघांत रडला नव्हता असं मी ऐकून होते. दोरी सुटली, ससा छताला जाऊन चिकटला आणि तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दिगंबरांनी उरलेले चार फुगे अंगणात नेऊन सोडून दिले. बराच वेळ आत आलेच नाहीत.

तो गुरुवार होता. संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी चमच्यानं पाणी पाजून पाहिलं, घशावर हात ठेवून पाहिलं.

“गिळायला काही अडचण नाही,” ते म्हणाले. “खायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. सोमवारपर्यंत वाट बघू. तोवर पोटात गेलं तर ठीक, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.”

तात्या डोळे मिटून होते, पण ऐकत होते. नळी म्हटल्यावर त्यांची डावी मूठ आवळली गेलेली मी पाहिली. आक्कांना शेवटचा महिनाभर नळी होती. तेव्हाच तात्यांनी दिगंबरांना बजावून ठेवलं होतं, माझ्यावर कसलीही वेळ आली तरी ह्ये नाकात घालायचं न्हाई. डॉक्टर गेल्यावर दिगंबर मला स्वयंपाकघरात म्हणाले, “मी शब्द दिलाय, वैजू.” मी म्हटलं, “मग उपाशी मारायचं का?”

शुक्रवार तसाच गेला. शिरा केला, दोन चमचे. पेज केली, एक चमचा. मी खाटेशेजारी उभी, कमरेत वाकलेली, डाव्या हातात ताट. सासऱ्यापुढे सून बसत नाही, हे मला गडहिंग्लजहून निघताना आईनं पदराला गाठ मारून दिलं होतं. त्यांना भरवून झालं की मी ओट्यापाशी जायची, ताट ओट्यावर ठेवून उभ्याउभ्या चार घास कोंबायची, तोवर दूध उतू जायचं किंवा तात्यांची कूस बदलायची वेळ व्हायची. पाठ अशी दुखायची की रात्री सरळ झोपता येत नसे. खरं सांगायचं तर शुक्रवारी दुपारी मला तात्यांचा रागच आला. मी इतकी राबते आणि हे तोंड मिटून बसतात! ताट जरा आपटूनच उचललं. त्यांनी ऐकलं.

शनिवारी दस्तगीरमामा आले. तात्यांच्या फाउंड्रीत ते साचे करायचे. वयानं तात्यांएवढेच, पण काठीसारखे ताठ. मिरजेला लेकीकडे होते, त्यांना बातमी उशिरा कळली. आल्या आल्या खाटेच्या कडेला बसले आणि तात्यांचा लुळा हात मांडीवर घेतला.

“येशा, मर्दा, काय करून घेतलंस ह्ये?”

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. “फुगा.”

दस्तगीरमामा क्षणभर थांबले आणि मग खदाखदा हसले. माझं डोकंच फिरलं.

“हसताय काय, मामा? डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या. तीन आठवडे हेच चाललंय.”

“आगं पोरी,” डोळे पुसत मामा म्हणाले, “ह्यो खुळा न्हाई झाला. ह्यो नाष्टा मागतोय!”

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मग मामांनी सांगितलं. “एकोणसत्तर साली कंपनीनं ह्येला सा म्हयनं जर्मनीला धाडलं, वतकाम शिकाय. ज्या बाईच्या घरात ऱ्हायचा, ती दर रविवारी सकाळी भट्टीत प्यानकेक लावायची. अंडी, मैदा, दूध, दुसरं काय न्हाई. पर तव्यातनं आसा टम्म वर यायचा! परत आला तवा आमास्नी वाटलं घड्याळ आणलं आसंल, रेडू आणला आसंल. तर ह्येनं पाकिटातनं काय काढावं? कागद. त्या बाईच्या तव्याचं माप.”

“तव्याचं माप?”

“तर! मी लाकडाचा साचा केला, ह्येनं बीड वतलं. मग आमी दोघांनी पत्र्याची पेटी केली, खाली स्टोव्ह. कंपनीच्या चाळीत आमची घरं शेजारी, मधी एक भिंत. पयल्या रविवारी ह्येनं तवा भायेर काढला आन तुझी सासू वरडली, आगंबाई, फुगा! तवापासनं त्येचं नाव फुगा.”

तात्या ऐकत होते. तोंडाची डावी बाजू वर गेली होती. तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहत होते.

“मग ह्यांना कसं माहीत नाही? ह्यांनी कधी खाल्ला नाही?”

“दिगू दीड वरसाचा आसंल तवा. येशाची आई गावाकडनं ऱ्हायला आली. पयल्याच रविवारी तिनं बघितलं, ल्योक स्टोव्हम्होरं आन सून पाटावर. म्हातारी काय बोलली न्हाई. दोन दिस जेवली न्हाई निस्ती. ह्येनं पेटी मोडली. तवा तेवढा ठेवला. आन आक्का पुन्यांदा सगळ्यांच्या मागनं जेवाय लागली, ती मरंस्तोवर.”

तात्यांनी डोळे मिटून घेतले. मामांनी त्यांचा हात थोपटला.

“तवा कुठं असेल?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं. पाण्याच्या पिंपाचं झाकण मांजर पाडतं म्हणून मी त्याच्यावर एक बिडाचा तवा ठेवायची. दोन कानांचा, काठाचा, कढईहून उथळ. माळ्यावर सापडला होता. अकरा वर्षं मी तो वजन म्हणून वापरत होते.

मामांनी बोटांवर मोजून प्रमाण सांगितलं. तीन अंडी, चहाचा एक कप मैदा, एक कप दूध, चिमूटभर मीठ. तव्यात लोणी. वरून पिठीसाखर आणि लिंबू. उद्या सकाळी आठला येतो, म्हणाले, आणि गेले.

मला कुठला धीर! संध्याकाळीच तवा चिंच आणि राखेनं घासला, तेल लावून पुसला. माझ्याकडे लग्नातला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणाला काचेचा डोळा असलेला. दिवाळीत नानकटाईपुरता खाली यायचा. मामांनी सांगितलं तसं पीठ फेटलं, पण माझा हात कसला राहतोय! फुगायचं म्हणजे सोडा हवाच, असं वाटून चिमूटभर सोडा टाकला. तव्यात ओतलं, झाकण लावलं, दर तीन मिनिटांनी उघडून पाहिलं. शेवटी जे बाहेर आलं ते जाड, चिवट, पिवळं धिरडं होतं. दिगंबरांनी ते लोणच्याबरोबर खाल्लं.

“वाईट न्हाई,” ते म्हणाले. “चपलेच्या तळाला लावलं तर वर्षभर टिकंल.”

दुसऱ्या वेळी मी हसले असते. त्या रात्री मला रडू आलं. मध्ये एकच दिवस राहिला होता.

रविवारी मामा बरोबर आठला आले. मी कालची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ओव्हनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तवा आदी तापवलावतास?”

“नाही. थंडच होता.”

“मग! थंड साच्यात वतलं तर लोखंडबी धड बसत न्हाई, ह्ये तर अंडं. आदी तवा आत ठिव. चांगला तापू दे. मग लोणी, लोणी चरचरलं की पीठ. आन सोडा कुणी सांगितला तुला?”

“कुणी नाही.”

“मग घालू नगंस. आन भट्टीचं दार मधी उघडायचं न्हाई. वीस मिंटं. काय झालं तरी उघडायचं न्हाई.”

पीठ फेटलं. तवा तापला. लोणी टाकलं तर असं चरचरलं की दिगंबर बाहेरून आत आले. पीठ ओतलं, झाकण लावलं, आणि आम्ही तिघं ओव्हनभोवती उभे राहिलो. काचेतून पाहायचं म्हणजे एका वेळी एकाचंच डोकं मावायचं, म्हणून पाळी लावली.

पाच मिनिटं काहीच नाही. दहा मिनिटं झाली आणि माझी पाळी असताना कड हलली. आधी एका बाजूनं वर आली, मग दुसऱ्या. मधलं पीठ थरथरलं. बघता बघता कडा तव्याच्या काठावरून चढल्या, सोनेरी झाल्या, एका बाजूला तर टेंगूळच आलं. “अहो, फुगतंय!” मी किंचाळले. दिगंबरांनी मला ढकलून डोकं घातलं. मामा म्हणाले, “उघडू नगासा!”

वासानं घर भरलं. लोण्याचा, भाजलेल्या दुधाचा. आतल्या खोलीतून आवाज आला, “फुगा!” या वेळी तो आवाज मोठा होता.

वीस मिनिटं झाल्यावर मी झाकण काढलं, फडक्यानं दोन्ही कान धरून तवा परातीत ठेवला आणि पळत सुटले. पळतच, कारण मामांनी सांगितलं होतं की बाहेरची हवा लागली की तो खाली यायला लागतो. दिगंबर साखरेचा डबा घेऊन माझ्यामागे, मामा लिंबू घेऊन त्यांच्यामागे. छताचा ससा एव्हाना गॅस जाऊन खाटेच्या डोक्याशी लोंबत होता, तो दिगंबरांनी हातानं बाजूला सारला.

परात खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली. फुगा अजून टम्म होता. तात्यांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू जिवंत होती तिच्यावर सगळं काही आलं. मी नेहमीसारखी वाकले, कडेचा मऊ तुकडा तोडला, फुंकर मारली, साखरेत बुडवून त्यांच्या तोंडाशी नेला.

तात्यांनी तोंड मिटलं. माझ्याकडे रोखून पाहिलं.

“बास,” ते म्हणाले.

एक घासही घेतला नव्हता. फुगा हळूहळू खाली यायला लागला होता, मधे खळगा पडत होता. त्यांनी डाव्या हातानं चादर थोपटली. “बास.” मी पाहिलं, चादरीवर एक कणही नव्हता. घास तसाच परातीत ठेवला आणि म्हटलं, “जाऊ दे. उद्या डॉक्टरांना बोलवा.” परात उचलायला हात घातला.

“आगं थांब!” दस्तगीरमामा दारातून ओरडले. “बास न्हवं, पोरी. बस म्हणतोय त्यो. बस! खाली बूड टेक.”

मी तशीच, हात परातीला लावलेला.

“चाळीच्या भिंतीतनं दर रविवारी ऐकाय यायचं,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. “आक्का फुगा बघून हसायची आन परत कामाला लागायची, कुटं पाणी भर, कुटं पोराचं बघ. ह्यो हातात तवा घिऊन वरडायचा, फुगा बसायच्या आत तू बस! ती बसल्याबिगर, तिनं पयला घास घेतल्याबिगर ह्यो खायाचा न्हाई.”

तात्यांनी पुन्हा चादर थोपटली. खाटेवरची माझ्यासाठी राखलेली जागा, आणि ती मी तीन आठवडे झटकत होते.

मी दिगंबरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “बस की.”

मी बसले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, सासऱ्यांच्या खाटेवर मी कधी टेकले नव्हते. अंग चोरून, कडेला, पण बसले. तात्यांनी डावा हात परातीत घातला. बोटं नीट वळत नव्हती, तरी एक तुकडा ओरबाडला, साखरेत टेकवला आणि थरथरत माझ्या तोंडाशी आणला. अर्धी साखर माझ्या साडीवर सांडली. मी तो घास घेतला. गरम होता, कडेला कुरकुरीत, आत खरवसासारखा मऊ. मला रडू फुटलं आणि चावताही येईना.

मग तात्यांनी तोंड उघडलं.

मी भरवलं. एक घास त्यांना, एक मला. त्यांना देताना मी माझा चुकवला की ते थांबायचे. तोंड उघडं ठेवून वाट बघायचे, पण खायचे नाहीत. अशी शिस्त की भट्टीवर कामगारांनाही नसेल. दिगंबर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या आईबद्दल त्यांना त्या सकाळी जे कळलं, त्यावर ते आयुष्यात कधी बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात माझं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जाऊ लागलं, आणि ते दिगंबर वाढत.

सोमवारी डॉक्टर आले तेव्हा तात्या मऊ भात खात होते आणि मी शेजारी बसून भाकरी. डॉक्टरांनी काय औषध दिलंत विचारलं. मी म्हटलं, काही नाही, बसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. तात्या त्यानंतर चार वर्षं जगले, नळी न घालता. शब्द थोडे परत आले, वीसेक असतील. मी शुक्रवारी आपटलेल्या ताटाबद्दल त्यांची माफी मागितली, तर तात्या डाव्या बाजूनं हसले.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. फुगा अर्धा संपला होता. आता तो पूर्ण बसला होता, तव्याच्या तळाशी, सुरकुतलेला, आणि तरी गोड. मी आणखी एक घास त्यांच्यापुढे धरला. तात्यांनी मान हलवली, पोटावर हात ठेवला आणि जड जिभेनं, पण सावकाश, नीट म्हणाले,

“बास.”

या वेळी त्यात काना होता. मला स्पष्ट ऐकू आला. सवयीनं माझा हात परात उचलायला गेला आणि मी तो मागे घेतला. तात्यांचं झालं होतं. माझं अजून व्हायचं होतं.